सोसायटीच्या जुन्या पीसीवर लिनक्स मिंट: सिनॅमन, माटे, एक्सएफसीई की एलएमडीई?

खजिनदारबाई_नेरुळ | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी नेरुळला, सिडकोच्या जुन्या बांधणीची. ऑफिसात एकच डेस्कटॉप आहे: आय३, चौथ्या पिढीचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. त्यावर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला. हार्डवेअरवाला येऊन म्हणाला, विंडोज ११ यावर चढणार नाही, प्रोसेसर जुना आहे आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही. लगेच नव्या मशिनचं कोटेशनही ठेवून गेला. कमिटीत ते वाचून दाखवलं तर सगळे एकदम गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल बोलायला लागले. म्हणजे पैसे मिळणार नाहीत हे मी समजले.

भाचा ऐरोलीत आयटीत आहे. "मावशी, मिंट टाक" (म्हणजे लिनक्स मिंट, विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) एवढं बोलून तो बंगळुरूला गेला. साइट उघडली तर सिनॅमन, माटे, एक्सएफसीई अशी तीन बटणं, आणि बाजूला एलएमडीई म्हणून चौथंच काहीतरी. वर विल्मा, शिया, झारा. जुन्या चर्चांत माया, किआना, तारा. एवढ्या बायकांची नावं कशाला? यातलं जुनं कोण, नवं कोण, आणि आमच्या डब्यावर चालेल असं कोणतं?

काम फार नाही. मेंटेनन्सची बिलं एक्सेलमध्ये, सभेच्या नोटिसा आणि इतिवृत्त मराठीत, ईमेल, बँकेची साइट. हिशेबाचं सॉफ्टवेअर बाहेरचा अकाउंटंट त्याच्या मशिनवर चालवतो, ती डोकेदुखी नाही. जुन्या नोटिसा मात्र कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये आहेत. घरी एक छोटा नेटबुकही पडून आहे, ॲटम प्रोसेसरचा, १ जीबी रॅमचा. त्याचं काही होईल का?

आणि हे बनवतं कोण? फुकट आहे म्हणजे उद्या बंद पडलं तर सभेत मला उभं करतील. थोडा इतिहासही सांगा. नुसतं "हे बटण दाबा" यावर माझं समाधान होत नाही, नोकरी सगळी ऑडिट खात्यात झाली आहे.

---

घणसोलीचा_गडी | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:५८

आर्च (जाणकारांचं लिनक्स) टाका ताई, निवृत्तीनंतरचा वेळ मजेत जाईल.

गंमत केली. मिंट एक्सएफसीई टाका आणि मोकळ्या व्हा. इतिहासासाठी ठाण्याच्या मासुंदाकाठ काकांना आवाज दिलाय, ते आले की रात्र गेली म्हणून समजा.

---

मासुंदाकाठ | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:२५

गड्या, ऐकलं बरं का.

ताई, ऑडिटवाल्या माणसाला उत्तर द्यायचं तर मूळ व्हाउचरपासून सुरुवात करावी लागेल.

१९९३ मध्ये इअन मर्डॉकने डेबियन ही लिनक्स प्रणाली सुरू केली. ते आजही कुठल्या कंपनीचं नाही, जगभरचे स्वयंसेवक चालवतात. त्या डेबियनवरून २००४ मध्ये मार्क शटलवर्थच्या कॅनोनिकलने उबुंटू काढलं. आणि उबुंटूवरून मिंट. मिंट २००६ चं, क्लेमाँ लफेव्र या फ्रेंच माणसाचं, तो राहतो आयर्लंडमध्ये. पहिली १.० 'एडा' कुबुंटूवर (केडीई नावाचा डेस्कटॉप असलेल्या उबुंटूवर) बेतलेली होती, ती चाचणीपुरतीच. त्याच वर्षी नोव्हेंबरात २.० 'बार्बरा' आली आणि तिथून उबुंटू हा पाया पक्का झाला.

तेव्हा माझं नौपाड्यात छोटं सायबर कॅफे होतं. उबुंटूच्या सीड्या कॅनोनिकल पोस्टाने फुकट पाठवायची, अगदी २०११ पर्यंत. ते पाकीट आलं की पोस्टमन विचारायचा, "परदेशातून कोण लिहितं तुम्हाला?" मशिनवर उबुंटू चढवायला काही अडचण नव्हती. अडचण यायची ती गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर गाणी घेऊन आलं की. एमपी३ वाजवायचे कोडेक पेटंटच्या भानगडीमुळे उबुंटूत आधीपासून नसत, वेगळे उतरवावे लागत, आणि तेव्हाचं आमचं इंटरनेट मोजूनमापून. मिंटमध्ये ते घालूनच मिळायचे. माझ्या मते मिंटने सुरुवातीला माणसं जोडली ती या एका सोयीवर, बाकी हिरव्या रंगावर भाळून कोणी आलं नाही. २०१६ च्या १८व्या आवृत्तीपासून कोडेक आत येत नाहीत. इन्स्टॉल करताना मल्टीमीडिया कोडेकचा एक चौकोन समोर येतो, त्यात टिक करा. पुष्कळ लोक तो पुढे ढकलतात आणि मग इथे येऊन "व्हिडिओ दिसत नाही" म्हणून धागा काढतात.

आता तुमची तीन बटणं. त्यांचं मूळ २०११ च्या भांडणात आहे.

तोवर उबुंटूवर आणि मिंटवर नोम २ नावाचा डेस्कटॉप (पडद्यावर दिसणारी मांडणी) होता. मेनू, खाली पट्टी, उघडलेल्या खिडक्या पट्टीवर. एप्रिल २०११ मध्ये नोम ३ आला आणि त्याच महिन्यात उबुंटूने स्वतःचा युनिटी आणला. दोन्हींत जुना मेनू गायब. रेल्वेचं तिकीट काढायला येणारे माझे नेहमीचे लोक स्क्रीनकडे बघत बसायचे आणि दर दोन मिनिटांनी मला हाक मारायचे. मी शेवटी काउंटरवरून उठून मधल्या मशिनवरच बसायला लागलो.

मिंटने मान डोलावली नाही. ११ 'कात्या' जुन्या नोम २ वरच ठेवली. नोव्हेंबर २०११ च्या १२ 'लिसा'मध्ये नोम ३ घेतला, पण त्यावर स्वतःची जोडणी करून तो जुन्यासारखा दिसेल असं बघितलं. ते ठिगळच होतं. मग त्यांनी नोम ३ चं कवचच फोडून वेगळं केलं, ते सिनॅमन. मे २०१२ च्या १३ 'माया'पासून ती रीतसर आवृत्ती झाली.

माटे हे आडनाव नव्हे. दक्षिण अमेरिकेतल्या एका पेयाचं नाव आहे. पेर्बेरोस नावाने वावरणाऱ्या अर्जेंटिनातल्या एका पठ्ठ्याने नोम २ चाच कोड उचलून नव्या नावाने जिवंत ठेवला. तो आर्च वापरणारा होता, गड्या, तेवढं तुझ्या पारड्यात. मिंटने ते लगेच आपलंसं केलं.

एक्सएफसीई मिंटचं नाहीच. ऑलिव्हिए फूर्दांने १९९६ मध्ये सुरू केलेला तो वेगळा प्रकल्प, मिंटपेक्षा दहा वर्षांनी मोठा. हलका आहे आणि फारसा बदलत नाही, हाच त्याचा गुण.

तिन्हींचा पाया एकच. तुमच्या सिडकोच्या इमारतीत सगळ्या घरांचा नकाशा सारखा, एकाने मार्बल घातला, दुसऱ्याने कोटा, तिसऱ्याने मूळची फरशी ठेवली, एवढाच फरक. सॉफ्टवेअर तेच, सुरक्षा अपडेट त्याच दिवशी. केडीईचीही आवृत्ती असायची, ती १८.३ नंतर बंद केली. फ्लक्सबॉक्स, एलएक्सडीई त्याआधीच गेल्या.

नावांचं कोडं सोपं आहे. प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव, शेवट 'आ' ध्वनीचा, पहिलं अक्षर इंग्रजी वर्णमालेप्रमाणे पुढे सरकणारं. १७ किआना (Qiana), १८ सारा, १९ तारा, २० उल्याना, २१ व्हेनेसा, २२ विल्मा. एका मोठ्या आकड्यातल्या उपआवृत्त्या पूर्वी त्याच अक्षराने यायच्या: टेसा, टीना, ट्रिशिया. २२ मध्ये अक्षर संपत आल्यामुळे की काय, तो नेम सुटला. विल्मा, शिया (Xia), झारा या तिघी २२, २२.१ आणि २२.२ आहेत, एकाच घरच्या.

आकड्यांचा हिशेब नावांपेक्षा महत्त्वाचा. २०१४ च्या १७ पासून मिंट फक्त उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर बेततात, म्हणजे मोठा आकडा दोन वर्षांनी बदलतो. २२ विल्मा जुलै २०२४ ची, उबुंटू २४.०४ वर, अपडेट २०२९ पर्यंत. झारा या सप्टेंबरातली. २०ची मालिका याच वर्षी संपली, तेव्हा कोणी जुनी सीडी दिली तर घेऊ नका.

तुमचं मशिन: मिंटची किमान गरज २ जीबी रॅम, शिफारस ४ जीबीची. म्हणजे तीनपैकी काहीही चढेल. पण ब्राउझरमध्ये बँक, ईमेल आणि दोन-चार टॅब उघडले की ४ जीबी संपतात, मग सिनॅमन असो की आणखी काही. म्हणून एक्सएफसीई घ्या. आणि त्याहून आधी ती हार्ड डिस्क काढून २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी लावा. आवृत्तीने जो फरक पडेल त्याच्या कितीतरी पट फरक एसएसडीने पडतो. आवृत्तीची पाटी बदलायची असेल तर बदला, पण गाडा डिस्कमुळे अडलाय. वाशीला सेक्टर १७ मध्ये मिळेल, लावूनही देतील. डीडीआर३ ची ४ जीबीची जुनी पट्टी मिळाली तर तीही घाला, मग सिनॅमन घ्यायला हरकत नाही.

---

ऐरोली_रात्रपाळी | १७ नोव्हेंबर २०२५, पहाटे ३:१०

काकांचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे रंगतदार, पण मिंटची दुसरी बाजूही ऑडिटरला कळू दे. सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा आहे, म्हणून थोडा कडवट वाटलो तर समजून घ्या.

एक, फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची वेबसाइट फोडली गेली होती. २० तारखेला १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक बदलून मागचं दार बसवलेली आयएसओ (इन्स्टॉल करायची मूळ फाइल) लोकांच्या गळ्यात घातली. फोरमचा डेटाबेसही चोरीला गेला. दोन, अनेक वर्षं त्यांचा अपडेट मॅनेजर अपडेटना १ ते ५ अशा पातळ्या द्यायचा आणि कर्नलसारखी (प्रणालीच्या गाभ्याची) धोकादायक वाटणारी अपडेट मागे ठेवायचा. सुरक्षेच्या दृष्टीने मला ते कधीच पटलं नाही. तीन, रोज उबुंटूला नाकं मुरडायची आणि पाया मात्र उबुंटूचाच.

माझं मत: एलएमडीई (लिनक्स मिंट डेबियन एडिशन) ७ 'गिगी' घ्या. गेल्याच महिन्यात आली, डेबियन १३ वर. मधला उबुंटूचा दलालच नाही.

---

मासुंदाकाठ | १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:४५

रात्रपाळी, तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण ताईंना त्यांची पुढची पानंही दिसू देत.

२०१६ ची घरफोडी झाली, आणि लफेव्रने स्वतःच ब्लॉगवर ती जाहीर केली. कोणती आयएसओ, कोणत्या दिवशीची, तपासायची कशी, सगळं. ताई, यातून तुमच्या कामाची एक गोष्ट: आयएसओ उतरवली की साइटवरच एक लांबलचक आकडा दिलेला असतो, एसएचए२५६ म्हणतात. आपल्या फाइलचा आकडा काढून त्याच्याशी जुळवायचा. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाइल फेकून द्यायची. रोख मोजून रजिस्टरशी ताडून बघण्याची सवय तुम्हाला आहे, हे जड जाणार नाही.

अपडेटच्या पातळ्या २०१८ च्या १९ 'तारा'मध्ये काढून टाकल्या. त्याऐवजी टाइमशिफ्टवर भर दिला. ठरवून दिलेल्या वेळी तो प्रणालीची प्रत घेऊन ठेवतो, बिघडलं तर मागे जाता येतं. सगळी अपडेट घ्या आणि टाइमशिफ्ट चालू ठेवा, हा आताचा सल्ला आहे आणि तो योग्य आहे.

उबुंटूचं म्हणाल तर मिंटने प्रत्येक वेळी पाया ठेवून वरचं नाकारलंय. २०११ मध्ये युनिटी नाकारली. २०२० मध्ये स्नॅप, म्हणजे कॅनोनिकलची सॉफ्टवेअर बसवायची वेगळी पद्धत. उबुंटू २०.०४ मध्ये क्रोमियम ब्राउझर नेहमीच्या पद्धतीने मागवला तरी मागच्या दाराने कॅनोनिकलचं स्नॅप दुकान बसायचं. मिंट २० 'उल्याना'ने ते अडवलं आणि पुढे क्रोमियम स्वतः बांधायला घेतला. मला हा हट्ट आवडतो. काम वाढतं त्यांचं, पण माझ्या मशिनवर काय बसतंय ते मला विचारल्याशिवाय बसत नाही.

आणि ताई, "बंद पडलं तर?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच एलएमडीई. २०१० मध्ये ती सुरू केली. उद्या उबुंटू नाहीसं झालं तर मिंट सरळ डेबियनवर उभं राहू शकतं का, याची ती कायमची रंगीत तालीम आहे. बेट्सी, सिंडी, डेबी, एल्सी, फे, गिगी अशी तिची वेगळी वंशावळ. पण ती फक्त सिनॅमनमध्ये मिळते. ४ जीबीवर मी एक्सएफसीईच म्हणेन.

पैसा देणग्यांतून आणि प्रायोजकांकडून येतो. दर महिन्याच्या ब्लॉगवर देणगीदारांची नावं आणि रकमा छापतात. आपल्या किती सोसायट्या हे करतात, हा विषय वेगळा.

---

ऐरोली_रात्रपाळी | १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:०२

४ जीबीचा मुद्दा मान्य. रॅम वाढवली तर गिगीचा विचार करा, एवढं म्हणून झोपायला जातो.

---

डीटीपी_पाचपाखाडी | १७ नोव्हेंबर २०२५, दुपारी १:३०

मराठीबद्दल कोणीच काही बोललं नाही, आणि या कामात खरा खोळंबा तिथेच होतो.

ताई, तुमच्या जुन्या नोटिसा बहुधा शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपी जातीच्या फॉन्टमध्ये असतील. हे युनिकोड नव्हेत. आत साठवलेली अक्षरं रोमन असतात, फॉन्टने त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट नसला की सगळी नोटीस रोमन कचरा दिसते. विंडोज पुसायच्या आधी दोन कामं करा. त्या फॉन्टच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या (परवाना आहे ना बघा), आणि महत्त्वाच्या सगळ्या नोटिसा, इतिवृत्तं पीडीएफ करून ठेवा. कन्व्हेयन्सच्या वेळी वीस वर्षांपूर्वीचं इतिवृत्त मागतात, तेव्हा पीडीएफच कामाला येते. मिंटमध्ये फॉन्टची फाइल उघडली की इन्स्टॉलचं बटण मिळतं, जुनी फाइल पुन्हा वाचता येते. पण नवं लिखाण युनिकोडमध्येच करा.

टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवा. मराठीचे दोन दिसतील: इनस्क्रिप्ट आणि कागापा फोनेटिक. इनस्क्रिप्ट शिकलेल्या असाल तर जुनी बोटं तशीच चालतील. रोमनमधून लिहायची सवय असेल तर आयबस या टायपिंगच्या सॉफ्टवेअरसोबत एम१७एन बसवा, त्यात मराठीच्या बऱ्याच पद्धती आहेत, गमभनसुद्धा.

आता लिबरऑफिस, म्हणजे एमएस ऑफिसच्या जागी वापरायचं सॉफ्टवेअर. सेटिंगमधल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे मराठी निवडा. हे केलं नाही तर मराठी मजकूर निवडून अक्षराचा आकार वाढवला तरी तो ढिम्म हलत नाही, कारण तुम्ही इंग्रजीचा आकार वाढवत असता. आणि भाषा हिंदी राहिली तर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. आमच्याकडे एका लग्नपत्रिकेवर यावरून मुलीचे आजोबा अडून बसले होते, आणि मी त्यांच्या बाजूची होते.

एक्सेलमध्ये साधी बेरीज-गुणाकाराची सूत्रं असतील तर बिलं जशीच्या तशी उघडतील. कोणी मॅक्रो लिहून ठेवले असतील तर आधी एक महिन्याचं बिल काढून जुन्याशी ताडा.

---

खजिनदारबाई_नेरुळ | १७ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ७:१५

सगळ्यांचे आभार. इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठरलं: एसएसडी आणि एक्सएफसीई. एसएसडीचा खर्च माझ्या अधिकारात बसतो, सभेत न्यायची गरज नाही. मॅक्रो नाहीत, बिलांची शीट मीच केली आहे. जुन्या नोटिसांच्या पीडीएफ करायला आजपासून बसले आहे, २००३ पर्यंत मागे गेले. त्यात तेव्हाच्या चेअरमनने पार्किंगबद्दल जे लिहिलंय ते आजच्या चेअरमनला दाखवावं असं वाटतंय, ते असो.

उरलेलं: लेझर प्रिंटर एचपीचा १०२० आहे, तो चालेल का? आणि नेटबुकचं राहिलंच.

---

मासुंदाकाठ | १७ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:०५

१०२० चालेल. एचपीलिप नावाचं सॉफ्टवेअर मिंटमध्ये मिळतं, पण या मॉडेलला त्याशिवाय एचपीचं एक प्लगइन लागतं. ते उतरवायला इंटरनेट हवं, म्हणून प्रिंटर बसवण्याआधी नेट जोडून घ्या. एसएसडी लावण्याच्या आधीच पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून बघा, काही इन्स्टॉल न करता चालतं. स्क्रीन, नेट आणि आवाज ठीक आहे हे तिथेच कळेल.

नेटबुक बहुधा ३२ बिटी, म्हणजे जुन्या घडणीच्या प्रोसेसरचं असेल. मुख्य मिंटने ३२ बिट १९.३ नंतर सोडलं. एलएमडीई ६ 'फे'मध्ये ते होतं. डेबियन १३ ने ३२ बिटी इन्स्टॉलरच काढून टाकल्यामुळे 'गिगी'त नाही. म्हणजे 'फे' घालता येईल, पण सिनॅमन आणि १ जीबी रॅम म्हणजे एक पान उघडायला चहा होऊन येईल. त्यावर जीव आटवू नका, ई-कचऱ्यात द्या. त्याआधी आतली डिस्क काढून घ्या, जुने फोटो असतील.

आणि गड्या, आर्चवर १ जीबीत काय काय होतं ते आता सांगू नकोस.

---

घणसोलीचा_गडी | १७ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:०९

काका, खिडकी व्यवस्थापक हलका घेतला तर ६०० एमबीत